दुर्मीळ की नुसते दडलेले? जुन्या बेसबॉल कार्डांची खरी संख्या कशी जोखावी

जुन्या बेसबॉल कार्डाच्या विक्रीत "जगात फक्त १२ प्रती" असा दावा केलेला असतो, तेव्हा तो आकडा बहुधा ग्रेडिंग कंपनीच्या नोंदवहीतून उचललेला असतो. कंपनीकडे तपासणीसाठी आलेल्या कार्डांची ती मोजदाद असते. पोटमाळ्यावरची खोकी, बँकेच्या लॉकरमधले अल्बम आणि चाळीस-पन्नास वर्षे कोणालाही न दाखवलेले खासगी संग्रह तिच्यात येत नाहीत. अमेरिकेत जुनी घरे रिकामी होताना अशी खोकी आजही निघतात आणि काही कार्डांचे भाव त्यामुळे रातोरात बदलतात. काही कार्डांना मात्र कितीही खोकी निघाली तरी धक्का लागत नाही. पैसे मोजण्यापूर्वी किंवा घरातली कार्डे विकण्यापूर्वी हा फरक कसा ओळखायचा, याची माहिती पुढे दिली आहे.

नोंदवहीतला आकडा काय सांगतो

पीएसए, एसजीसी आणि बेकेट या अमेरिकेतील प्रमुख ग्रेडिंग कंपन्या आहेत. त्या कार्ड अस्सल आहे का ते पाहतात, अवस्थेनुसार १ ते १० अशी श्रेणी देतात आणि कार्ड कडक प्लॅस्टिकच्या पेटीत बंद करतात. कोणत्या कार्डाच्या किती प्रतींना कोणती श्रेणी मिळाली, याचा तक्ता त्या प्रसिद्ध करतात. संग्राहक त्याला 'पॉप रिपोर्ट' म्हणतात. दवाखान्यातल्या केसपेपरांवरून गावाची लोकसंख्या काढता येत नाही, तसेच या तक्त्यावरून जगातल्या प्रती मोजता येत नाहीत. तक्ता वाचताना पुढील गोष्टी ध्यानात ठेवा.

- न तपासलेली कार्डे तक्त्यात नसतात. कित्येक जुन्या संग्राहकांनी आपली कार्डे कधीच ग्रेडिंगला पाठवली नाहीत.
- एकच कार्ड दोनदा मोजले जाते. वरची श्रेणी मिळेल या आशेने मालक पेटी फोडून कार्ड पुन्हा पाठवतो. जुने लेबल कंपनीला परत केले नाही, तर पहिली नोंदही तशीच राहते.
- कंपन्यांचे तक्ते वेगवेगळे असतात. एका कंपनीच्या पेटीतून दुसरीकडे गेलेले कार्ड दोन्हीकडे दिसू शकते, त्यामुळे नुसती बेरीज फसवी ठरते.
- स्वस्त कार्डे पाठवलीच जात नाहीत. तपासणीचे शुल्क कार्डाच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर ते कोणी भरत नाही. म्हणून साध्या खेळाडूच्या कार्डाची नोंद कमी आणि नामवंत खेळाडूची जास्त, असे उलटे चित्र दिसते. प्रत्यक्षात दोन्ही कार्डे सारख्याच संख्येने छापलेली असू शकतात.

थोडक्यात, या तक्त्यात एकीकडे प्रती कमी दिसतात, तर दुसरीकडे काही प्रती दोनदा धरल्या जातात.

दुर्मीळपणाचे तीन प्रकार

भाव ऐकण्याआधी विक्रेता कोणत्या दुर्मीळपणाबद्दल बोलतो आहे, ते विचारा.

१. मुळातच दुर्मीळ. कोणत्याही अवस्थेतल्या प्रती मोजक्याच आहेत. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीच्या सिगारेटच्या पाकिटांतून निघालेल्या 'टी-२०६' मालिकेतले होनस वॅग्नरचे कार्ड हे याचे ठळक उदाहरण. त्याच्या साधारण ५० ते ६० प्रती ज्ञात असल्याचे मानले जाते. १९१४ मध्ये 'बाल्टिमोर न्यूज'ने काढलेल्या बेब रुथच्या कार्डाच्या तर दहाच्या आसपास प्रती माहीत आहेत. त्यातली एक डिसेंबर २०२३ मध्ये ७२ लाख डॉलरना विकली गेली.

२. अवस्थेमुळे दुर्मीळ. प्रती पुष्कळ आहेत, पण करकरीत कोपऱ्यांच्या आणि डाग नसलेल्या थोड्या. १९५२ च्या टॉप्स मालिकेतल्या मिकी मँटलच्या (क्रमांक ३११) एकट्या पीएसएने दीड हजारांहून अधिक नोंदी केल्या आहेत. १० श्रेणीच्या प्रती मात्र तीनच.

३. बाजारात दुर्मीळ. प्रती आहेत, पण मालक त्या विकायला काढत नाहीत. त्यातल्या काही संग्रहालयात कायमच्या गेल्या आहेत, तर काही एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. बेब रुथच्या वरील कार्डाची एक प्रत १९१४ पासून एकाच कुटुंबाकडे होती आणि १९९८ पासून बाल्टिमोरच्या बेब रुथ संग्रहालयात ती उसनी ठेवलेली होती. लोकांना ती दिसत होती, पण विकत मिळत नव्हती.

दडलेले साठे बाहेर आल्यावर सर्वांत जास्त फटका दुसऱ्या प्रकाराला बसतो. ५०-६० प्रतींत आणखी एक मिळाली तर फारसे बिघडत नाही, पण वरच्या श्रेणीत एकच प्रत असताना एका खोक्यातून तशा पंधरा निघाल्या, तर त्या एकमेव प्रतीचा मान संपतो. शिवाय दुर्मीळ म्हणजे महाग असेही नाही. मँटलचे कार्ड मागणीमुळे महाग आहे. ज्ञात प्रती पाचच असूनही खेळाडू अनोळखी आणि मालिका अप्रसिद्ध असल्यामुळे बेताच्या भावात जाणारी कार्डेही आहेत.

ओहायोतले खोके आणि दक्षिणेतली पिशवी

२०१२ मध्ये ओहायोतील डिफायन्स गावात एक कुटुंब आजोबांचे घर आवरत होते. आजोबांचे मांसविक्रीचे दुकान होते आणि १९१० च्या सुमारास मिठाईबरोबर वाटायची कार्डे त्यांच्याकडे आली होती. पोटमाळ्यावर लाकडी बाहुलीघराखाली काजळी धरलेले पुठ्ठ्याचे खोके निघाले. आत सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांत सुमारे ७०० कार्डे होती. ती नेहमीच्या कार्डांपेक्षा लहान दिसली, म्हणून घरच्यांनी खोके बाजूला ठेवले आणि आवराआवर पुढे चालू ठेवली.

ती 'ई-९८' या ३० कार्डांच्या मालिकेतली होती. मुलांच्या हाती न गेल्यामुळे बरीचशी कोरी राहिली होती. या मालिकेतल्या टाय कॉबच्या कार्डाला पीएसएने तोवर दिलेली सर्वांत वरची श्रेणी ७ होती. या एका खोक्यातून ९ श्रेणीचे १६ कॉब निघाले. त्या वर्षीच्या पहिल्या लिलावात ३७ कार्डांचे साडेपाच लाख डॉलरांहून अधिक आले. कुटुंबाने सगळा साठा एकदम बाजारात ओतला नाही. त्याआधी ७ श्रेणीचा कॉब 'सर्वोत्तम ज्ञात प्रत' म्हणून चढ्या भावात घेतलेल्या माणसाचा तो दावा मात्र त्या एका वर्षात गेला.

२०१६ चे उदाहरण याच्या उलट आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागातल्या एका जुन्या घरात चुरगळलेली कागदी पिशवी मिळाली. आत टी-२०६ मालिकेतली टाय कॉबची सात कार्डे होती आणि त्यांच्या पाठीवर कॉबच्याच नावाच्या तंबाखूची जाहिरात होती. तशा १५ च्या आसपास प्रती तोवर माहीत होत्या, म्हणजे संख्या एका दिवसात जवळजवळ दीडपट झाली. तरीही कार्ड दुर्मीळच राहिले, कारण २२-२३ प्रती म्हणजेही फार थोड्या. पिशवीकडे पाहताना दुसरी एक गोष्ट समजते : असामान्य पाठीची कार्डे दिसली, तरी साधी समजून ती टाकून दिली जाऊ शकतात.

कार्ड कमी का उरले, हे आधी शोधा

कारण कळले, की दडलेल्या साठ्याची शक्यता आपोआप उलगडते.

- छपाई लवकर थांबली. वॅग्नरचे कार्ड थोड्याच काळात मागे घेतले गेले. तंबाखूच्या जाहिरातीला त्याचा विरोध होता, असे एक कारण सांगतात. मानधनाचा वाद होता, असे दुसरे. कारण कोणतेही असो, मुळात छपाई कमी असल्याने मोठा गठ्ठा निघण्याची शक्यता फार कमी.
- एकाच शहरापुरते वाटप. बाल्टिमोर न्यूजची कार्डे तिथेच वाटली गेली. नवी प्रत निघालीच तर बहुधा त्या परिसरातल्या जुन्या घरातून.
- टपालाने मागवावे लागणारे कार्ड. १९३३ च्या गौडी मालिकेतले १०६ क्रमांकाचे नॅप लाजोईचे कार्ड त्या वर्षी पाकिटांत निघालेच नाही. १९३४ मध्ये कंपनीला पत्र लिहिणाऱ्यांना ते पाठवले गेले. हातांत न फिरल्यामुळे त्याच्या प्रती संख्येने थोड्या असल्या, तरी पुष्कळदा चांगल्या अवस्थेत मिळतात.
- शिल्लक माल नष्ट केला. १९५२ च्या टॉप्समधली ३११ ते ४०७ क्रमांकांची कार्डे हंगामाच्या शेवटी आल्यामुळे नीट खपली नाहीत. उरलेली पेट्यान्‌पेट्या कार्डे १९६० मध्ये बोटीतून नेऊन अटलांटिकमध्ये टाकली, असे टॉप्सचे साय बर्गर सांगत. तरीही १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये ॲलन रोझन या व्यापाऱ्याला १९५२ ची सुमारे साडेपाच हजार कार्डे एकाच घरातून मिळाली. त्यातले एक मँटल १९९१ मध्ये ५० हजार डॉलरना विकले गेले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये त्यालाच १ कोटी २६ लाख डॉलर आले. कारखान्यातून निघालेल्या मालाची अशी न उघडलेली खेप शिल्लक असू शकते, हे विसरू नका.
- वापरात झिजले, रद्दीत गेले. मुलांचे खेळ, आयांची साफसफाई आणि दुसऱ्या महायुद्धातली रद्दीगोळा मोहीम यांत असंख्य कार्डे गेली. हे सर्व मालिकांना सारखेच लागू असल्याने, एकाच कार्डाच्या दुर्मीळपणाचे कारण म्हणून ते पुरेसे नाही.

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धातली आणि १९९० च्या सुरुवातीची कार्डे लोकांनी गुंतवणूक म्हणून खोकी भरून जपली. ती छापलीही अफाट. त्या काळातल्या साध्या कार्डासाठी दुर्मीळ म्हणून जादा पैसे देऊ नका.

खऱ्या संख्येचा अंदाज : पाच पायऱ्या

1. सर्व तक्ते एकत्र पाहा. तिन्ही कंपन्यांचे आकडे श्रेणीनिहाय मांडा. बेरीज ही कमाल नोंद समजा, कमाल प्रती नव्हे.
2. विक्रीच्या जुन्या नोंदी काढा. मोठ्या लिलावगृहांच्या संकेतस्थळांवर पूर्वीच्या विक्रीची छायाचित्रे आणि भाव मिळतात. किमान दहा वर्षे मागे जा.
3. प्रती ओळखून मोजा. प्रत्येक कार्डाला खुणा असतात : समासाचा तिरकेपणा, एखादा डाग, कोपऱ्याची मोड, छपाईतला ठिपका. पेटी बदलली तरी त्या खुणा बदलत नाहीत. समजा, दहा विक्रींत तीच चार कार्डे फिरत आहेत. मग उघड साठा जवळजवळ संपला आहे. दहा विक्रींत दहा निराळी कार्डे असतील, तर पाठीमागे आणखी असणार.
4. संग्रहालयातल्या प्रती वेगळ्या काढा. जेफर्सन बर्डिक यांनी कार्डांची सूची तयार केली आणि टी-२०६, ई-९८ ही नावे त्याच पद्धतीतून आली. त्यांनी जमवलेले तीन लाखांहून अधिक नमुने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत. त्यात वॅग्नरचे कार्डही आहे. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसकडे १८८७ ते १९१४ मधली २,१०० बेसबॉल कार्डे असून त्यांची चित्रे कोणालाही फुकट पाहता येतात. या प्रती बाजारात येणार नाहीत, पण अस्सल कार्ड कसे दिसते, याच्या तुलनेसाठी उपयोगी पडतात.
5. एकच आकडा धरू नका. "ज्ञात प्रती इतक्या, आणखी निघण्याची शक्यता कमी, मध्यम की जास्त" असे लिहून ठेवा. शक्यता जास्त असेल, तर वरच्या श्रेणीसाठी मागितलेली जादा किंमत देऊ नका.

विकत घेताना सापळे

- "पोटमाळ्यावरचा ठेवा" ही कहाणी. गोष्ट ऐकून पैसे देऊ नका. घर, कुटुंब आणि ताबा यांचे कागद मागा. तेच कार्ड जुन्या लिलावात दिसले, तर कहाणी तिथेच संपते.
- कातरलेल्या कडा. झिजलेली कड कातरून कोपरे टोकदार करता येतात. १९९१ मध्ये वेन ग्रेट्झ्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी ४ लाख ५१ हजार डॉलरना घेतलेले वॅग्नर पीएसएने ८ श्रेणीत बसवले होते. त्याच्या कडा आपण कातरल्या होत्या, अशी कबुली व्यापारी बिल मॅस्ट्रो यांनी २०१३ मध्ये न्यायालयात दिली. श्रेणीची पेटी म्हणजे अंतिम हमी नव्हे.
- नव्याने छापलेली कार्डे. १९५२ ची टॉप्स कार्डे सुमारे ६६.७ बाय ९५.३ मिलिमीटरची आहेत. १९८३ मध्ये टॉप्सनेच काढलेली पुनर्मुद्रित मालिका ६३.५ बाय ८८.९ मिलिमीटरची. टी-२०६ चे कार्ड सुमारे ३६.५ बाय ६६.७ मिलिमीटरचे. मोजपट्टी लावली तरी पुष्कळ बनावट माल पकडला जातो. युद्धपूर्व कार्डाचा कागद अतिनील दिव्याखाली चमकला, तर संशय घ्या. कागद उजळवणारी रसायने पुढच्या काळातली आहेत.
- बनावट पेट्या. लेबलवरचा प्रमाणपत्र क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथले छायाचित्र हातातल्या कार्डाशी ताडून पाहा.
- संचपूर्तीचा हट्ट. संपूर्ण मालिका वरच्या श्रेणीत जमवण्याच्या स्पर्धेत साध्या खेळाडूंची कार्डेही 'नोंद कमी' म्हणून महाग होतात. भाव वाढला, की घरोघरची तीच कार्डे तपासणीला निघतात आणि भाव उतरतो.

घरात जुनी कार्डे सापडली तर

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या हाती जुने घर विकत घेताना, शेजाऱ्याच्या घरच्या विक्रीत किंवा सासरच्या नातेवाइकांच्या वारशातून अशी कार्डे येतात. त्या वेळी क्रम असा ठेवा.

- कार्ड पुसू नका, खोडरबर लावू नका, मोड इस्त्रीने सरळ करू नका. असे उपाय केलेले कार्ड 'बदल केलेले' म्हणून बाद होते.
- अल्बमला चिकटलेली कार्डे ओढून काढू नका. रबरबँड आणि चिकटपट्टी लावू नका.
- खोके, सुतळी, पाकिटे, पत्रे, पावत्या जशाच्या तशा ठेवा आणि जागेवरच छायाचित्रे घ्या. ठेवा कोठून आला, याचा हा पुरावा.
- प्रत्येक कार्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढा. टी-२०६ मध्ये पाठीवरच्या सिगारेट जाहिरातीनुसार किंमत कित्येक पटींनी बदलते. पीडमाँट आणि स्वीट कॅपोरल या पाठी नेहमीच्या. ड्रम, उझिट आणि लेनॉक्स दुर्मीळ.
- कोरड्या, थंड आणि अंधाऱ्या जागी, मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवा. मोठ्या किमतीसाठी घराच्या नेहमीच्या विम्यात तरतूद पुरेशी असते का, ते कंपनीला लेखी विचारा.
- आधी चार-पाच नमुने ग्रेडिंगला पाठवा. त्यांची श्रेणी कळल्यावर बाकीच्यांवर शुल्क घालायचे की नाही, ते ठरवा.
- सगळी कार्डे एकदम विकू नका. एकाच कार्डाच्या अनेक प्रती एका लिलावात आल्या, तर मालकच स्वतःच्या मालाचा भाव पाडतो.

खोक्यात फाटके, कातरलेले किंवा लॅमिनेट केलेले कार्ड असले, तरी टाकू नका. बाल्टिमोरच्या एका कॅथलिक भगिनी संघाला वारशाने मिळालेले वॅग्नरचे कार्ड अशाच अवस्थेत होते. २०१० मध्ये त्यावर २ लाख ६२ हजार डॉलरची बोली लागली.

लिलावगृहाशी करार : तुमचे हक्क

1. किमान दोन-तीन लिलावगृहांचे लेखी अंदाज घ्या. अंदाज देणाराच खरेदीदार असेल, तर त्याचा अंदाज एकमेव मानू नका.
2. दोन्ही बाजूंचे शुल्क विचारा. विक्रेत्याकडून कमिशन आणि खरेदीदाराकडून साधारण २० टक्क्यांच्या आसपास अधिभार घेतला जातो. जाहीर होणारा आकडा बहुधा अधिभारासह असतो. हाती येणारी रक्कम त्याहून कमी.
3. राखीव किंमत, विमा, पैसे देण्याची मुदत आणि खरेदीदाराने पैसे बुडवले तर काय, हे करारात असू द्या.
4. खोटी बोली लावणार नाही, अशी लेखी हमी मागा. वर उल्लेख आलेल्या मॅस्ट्रो यांना लिलावातल्या फसवणुकीसाठी २०१५ मध्ये २० महिन्यांची कैद झाली. कोणी भाव वाढवत असेल, तर तक्रार करण्याचा हक्क खरेदीदारालाही आहे.
5. मालकी आधी स्पष्ट करा. अनेक वारस असतील, तर मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाची आणि सर्वांची लेखी संमती घ्या. विकत घेतलेल्या घरात ठेवा निघाला, तर आधीच्या मालकाचे वारस हक्क सांगू शकतात. विक्रीआधी वकिलाला विचारा.

कर आणि वारसा

अमेरिकेत एक वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या संग्रहमूल्याच्या वस्तूंवरील नफ्याला केंद्रीय कराचा कमाल दर २८ टक्के आहे, शेअरपेक्षा जास्त. वारशाने आलेल्या कार्डाची मूळ किंमत साधारणपणे मृत्यूच्या दिवसाचा बाजारभाव धरली जाते. म्हणून त्या दिवसाचे लेखी मूल्यांकन करून घेतले, तर पुढे पुष्कळ कर वाचतो. हयातीत भेट मिळालेल्या कार्डाला मात्र देणाऱ्याची जुनी खरेदी किंमत लागू होते. ५,००० डॉलरांहून अधिक किमतीचे कार्ड संस्थेला दान देऊन वजावट घ्यायची असेल, तर पात्र मूल्यांकनकाराचा अहवाल लागतो. भारतात करनिवासी असलेल्यांच्या नावावर असे कार्ड परदेशात असेल, तर ते विवरणपत्रात कसे दाखवायचे, हे विक्रीआधी सनदी लेखापालाला विचारून घ्या.